निवेदकाविना मानों : प्रेव्होची कादंबरी आणि मॅक्मिलनचा बॅले

१

कादंबरीचे नाटक झाले, नाटकाचे संगीतिकेत रूपांतर झाले किंवा संगीतिकेच्या कथेवर नृत्य रचले गेले, की समीक्षक प्रथम हिशेबाची वही उघडतो. मुळातले काय राहिले, काय गळाले, कोणते पात्र नव्याने आले, याची नोंद करून तो आपला निर्णय देतो. ही नोंद आवश्यकच आहे. तिच्यावाचून पुढील विवेचन निराधार राहील. तथापि काही रूपांतरांत जे गळते ते एखादे पात्र किंवा प्रसंग नसते, तर कथा सांगणाऱ्याचा आवाजच गळालेला असतो. अशा वेळी हा जमाखर्च अपुरा पडतो. कारण निवेदक नाहीसा झाला म्हणजे त्याने सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीचे मोल बदलते.

आबे प्रेव्हो याच्या ‘मानों लेस्को’ या फ्रेंच कादंबरीवरून केनेथ मॅक्मिलन याने रचलेला ‘मानों’ हा तीन अंकी बॅले या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये ७ मार्च १९७४ रोजी त्याचा पहिला प्रयोग झाला. अँटोनेट सिब्ली ही मानों, अँथनी डाउएल हा दे ग्रियू, डेव्हिड वॉल हा मानोंचा भाऊ लेस्को, मोनिका मेसन ही लेस्कोची प्रेयसी आणि डेरेक रेंचर हा धनाढ्य मस्यू जी. एम., अशी पात्रयोजना होती. पहिल्या प्रयोगानंतर समीक्षकांत मतभेद माजले. पुढे मात्र ही कृती जगातील अनेक नृत्यमंडळांनी स्वीकारली. पॅरिस ऑपेराने ती १९९० मध्ये ‘लिस्त्वार द मानों’ या नावाने आपल्या रंगभूमीवर आणली, आणि २०२४ मध्ये, म्हणजे तिच्या पन्नासाव्या वर्षी, रॉयल बॅलेने तिचे प्रयोग पुन्हा केले. लोकप्रियतेचा हा पुरावा समीक्षेला पुरेसा नसतो, हे सांगावयास नको. येथे विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. ज्या कादंबरीत नायिका केवळ एका पुरुषाच्या कथनातून आपणांस भेटते, त्या कादंबरीतील पुरुषाचे कथन काढून घेतले आणि नायिकेला देहाने रंगभूमीवर उभे केले, तर ती अधिक स्वतंत्र होते की अधिक परतंत्र? आणि नृत्याचे माध्यम या प्रश्नाचे उत्तर देण्यास समर्थ आहे काय?

२

प्रेव्होची कादंबरी १७३१ मध्ये प्रसिद्ध झाली. एका ‘खानदानी गृहस्थाच्या’ आठवणी म्हणून त्याने जी ग्रंथमाला लिहिली, तिचा हा सातवा आणि शेवटचा खंड. १७३३ मध्ये पॅरिसमध्ये तिच्या प्रती जप्त झाल्या. १७५३ मध्ये प्रेव्होने तिची सुधारलेली आवृत्ती काढली. कादंबरीची रचना ध्यानात घेणे अगत्याचे आहे. रनोंकूर हा तो खानदानी गृहस्थ पासी या गावी एक दृश्य पाहतो : सुमारे डझनभर वेश्यांना साखळदंड घालून अमेरिकेस पाठविण्यासाठी ल हाव्र बंदराकडे नेले जात आहे आणि त्यांतील एकीच्या मागोमाग एक तरुण शोकाकुल होऊन चालला आहे. रनोंकूर त्या तरुणास थोडे द्रव्यसाहाय्य करतो. सुमारे दोन वर्षांनी कॅले येथे तोच तरुण त्यास पुन्हा भेटतो आणि आपली सारी कथा सांगतो. हा तरुण म्हणजे शव्हालिये दे ग्रियू. म्हणजे कथा सुरू होते तेव्हा मानों मरण पावलेली आहे. जो बोलतो तो तिच्या मृत्यूनंतर बोलतो, एका सहृदय आणि वडीलधाऱ्या श्रोत्यापुढे बोलतो, आणि त्या श्रोत्याची सहानुभूती मिळविणे हा त्याच्या बोलण्याचा एक हेतू आहे.

या निवेदनाची किमया अशी की, मानोंचे रूप आपणांस कधीच दिसत नाही. तिचे केस कोणत्या रंगाचे, डोळे कसे, उंची किती, यांविषयी प्रेव्हो अक्षरही लिहीत नाही. ती मोहक आहे एवढेच दे ग्रियू पुनःपुन्हा सांगतो. तिच्या मोहकतेचा पुरावा आपणांस तिच्या देहात नव्हे, तर त्याच्या अधःपातात मिळतो. अम्येंच्या सरायीत सतराव्या वर्षी तिला पाहिल्यापासून तो पितृगृह सोडतो, धर्मशिक्षण सोडतो, पत्त्यांत फसवणूक शिकतो, सँ-लाझारच्या कैदेतून निसटताना एका पहारेकऱ्याचा प्राण घेतो आणि अखेर तिच्यामागून समुद्र ओलांडतो. एवढे करूनही आपण मनाने निर्मळ आहोत असे तो मानतो, आणि वाचकही बराच वेळ तसेच मानत राहतो. मोंतेस्क्यू याने १७३४ मध्ये ही कादंबरी वाचून जी टीप केली तिचा आशय असा की, नायक लुच्चा आहे आणि नायिका बाजारबसवी आहे, तरी कृती आवडते, कारण नायकाच्या दुष्कृत्यांचाही हेतू प्रेम हाच आहे. ही टीप चाणाक्ष आहे. पण तीत नायिकेच्या हेतूचा विचार नाही, हे नजरेतून सुटता कामा नये. तो प्रेव्होच्या निवेदनातही फारसा नाही.

एके ठिकाणी मात्र मानों स्वतः बोलते. दे ग्रियूला सोडून धनिकाकडे जाताना ती एक पत्र मागे ठेवते आणि पोटात अन्न नसताना प्रणयाची कोमलता कोठून आणावयाची, अशा अर्थाचा सवाल त्यात करते. दे ग्रियूला हे पत्र ग्राम्य वाटते. त्याला उपासमारीची भीती माहीत नाही. संकट आले की पिता, मित्र किंवा कुळाचे नाव त्याच्या पाठीशी उभे राहते. मानोंच्या पाठीशी केवळ तिचा भाऊ आहे, आणि तो तिचा दलाल आहे. प्रेव्होच्या शेकडो वाक्यांत दडलेले हे एक पत्र मॅक्मिलनच्या बॅलेचे खरे बीज आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते. मॅक्मिलन स्वतः स्कॉटलंडमधील डनफर्मलिन येथे एका गरीब घरात १९२९ मध्ये जन्मला. मानोंविषयी त्याने जे सांगून ठेवले आहे त्याचा मथितार्थ असा की, तिला दारिद्र्याचे भय वाटते त्याहून अधिक त्याची लाज वाटते, आणि त्या काळी दारिद्र्य म्हणजे सावकाश येणारे मरणच होते. नेपथ्यकार निकोलस जॉर्जियाडिस याने वैभवाच्या दृश्यांतही मागच्या बाजूला चिंध्यांचे पडदे लोंबत ठेवले, ते याच अर्थाने.

३

मानोंची कथा रंगभूमीला नवी नव्हती. झाँ-पिएर ओमेर याने स्क्रीबच्या संहितेवर आणि हालेव्हीच्या संगीतावर १८३० मध्येच पॅरिसमध्ये ‘मानों लेस्को’ हा बॅले केला होता. त्यानंतर ओबेर (१८५६), मासने (१८८४) आणि पुचीनी (१८९३) यांच्या संगीतिका आल्या. १९५२ मध्ये हेन्झे याने ‘बुल्व्हार सोलित्यूद’मध्ये हीच कथा आधुनिक शहरात आणली. त्यांपैकी मासनेची ‘मानों’ इतकी सर्वतोमुखी झाली की, संगीतरसिकाच्या मनात प्रेव्होची मानों आणि मासनेची मानों यांतील भेदच पुसट झाला.

म्हणूनच मॅक्मिलनचा संगीतविषयक निर्णय चमत्कारिक वाटतो. त्याने संगीत मासनेचेच घेतले, परंतु ‘मानों’ या संगीतिकेतील एकही स्वरावली घेतली नाही. ‘सांद्रियों’, ‘ताईस’, ‘डॉन किशोत’, ‘ल सीद’ आदी संगीतिका, ‘ला व्हिएर्ज’ हे धर्मसंगीत, ‘एलेजी’सारखी सुटी गीते, अशा अनेक ठिकाणांहून तुकडे वेचून लेटन लुकास याने हिल्डा गाँट हिच्या साहाय्याने ते एकत्र बांधले. (पुढे २०११ मध्ये मार्टिन येट्स याने या संगीताची वाद्यवृंदयोजना नव्याने केली.) या पद्धतीला नजीकचे उदाहरण होते. मॅक्मिलनचा मित्र जॉन क्रँको याने १९६५ मध्ये श्टुटगार्ट येथे ‘ओनेगिन’ केला तेव्हा चायकोव्हस्कीचे संगीत घेऊन त्याची ‘येव्हगेनी ओनेगिन’ ही संगीतिका तेवढी वगळली होती.

या गोधडीविषयी आक्षेप घेणे सोपे आहे, आणि तो अंशतः खराही आहे. पहिल्या अंकातील सरायीच्या दृश्यात आणि दुसऱ्या अंकातील मेजवानीत काही ठिकाणी संगीत नुसते वेळ भरून काढते. नर्तकींना फेर धरावयास लावणारी पण कथेला एक पाऊलही पुढे न नेणारी ही मधली पाने कापली असती तर काही बिघडले नसते. परंतु संगीतिकेतील स्वर टाळण्यामागे एक कलात्मक विवेकही आहे. ओळखीची सुरावट कानी पडताच प्रेक्षक तिचे शब्द मनात म्हणू लागला असता, आणि मॅक्मिलनला नेमके शब्दच नको होते. मासनेच्या नायिकेने गाऊन जी कारणे सांगितली, ती येथे कोणी सांगणार नाही.

४

बॅलेला काय सांगता येत नाही, याची यादी मोठी आहे. बॅलन्शिनच्या नावावर एक विनोद सांगितला जातो, त्याचा भावार्थ असा की, रंगभूमीवर आलेली बाई कोणाची सासू आहे हे नृत्याने दाखविता येत नाही. नात्यांचे हे झाले. भूतकाळ, नकार, अट, पश्चात्तापाचे कारण, यांचीही तीच गत. आपल्याकडे धनंजयाने ‘दशरूपका’त ताललयाश्रयी नृत्त आणि भावाश्रयी नृत्य असा भेद केला, त्यातील नृत्याच्या हाताशी हस्तमुद्रांची एक संपूर्ण भाषा आहे. एकोणिसाव्या शतकातील बॅलेपाशीही संकेतांनी ठरलेला मूकाभिनय होता : अनामिकेकडे बोट म्हणजे विवाह, आडवे धरलेले मनगट म्हणजे मृत्यू. मॅक्मिलनने हा कोश जवळजवळ बाजूस ठेवला. त्यामुळे त्याच्यापाशी उरले काय? दोन देह, त्यांतील अंतर, कोणाचा भार कोणावर पडतो ते, आणि पाय जमिनीला टेकले आहेत की नाहीत ते.

एवढ्या भांडवलावर त्याने पहिल्याच प्रवेशात निवेदकाची जागा भरून काढली आहे, तीही किती साधेपणाने! सरायीच्या अंगणातून हद्दपारीच्या वेश्यांची गाडी जाते आणि लेस्को आपल्या प्रेयसीला ती दाखवितो. कादंबरीचा आरंभ ज्या दृश्याने होतो ते दृश्य येथे असे वाटेने जाऊन निघून जाते. कादंबरीत ते कथेचा शेवट आधीच सांगून टाकते. येथे ते केवळ एक धमकी आहे. पुढे काय घडणार हे सांगणारा कोणी नाही, पण रस्ता तेथूनच जातो हे आपण पाहिलेले असते. मानों त्यानंतर येते.

दे ग्रियूचे पहिले एकल नृत्य हे त्याचे आत्मनिवेदन म्हणावयास हरकत नाही. संथ वळणे, एका पायावर दीर्घकाळ तोललेली अरबेस्क, कोठेही उडी मारून टाळ्या घेण्याची इच्छा नाही. डाउएलच्या देहाची लांबसडक, अखंड रेषा ध्यानी घेऊन ते रचलेले आहे, आणि त्याच्यानंतरच्या नर्तकांना तेच सर्वांत अवघड वाटत आले असल्यास नवल नाही; कारण वेगात तोल सांभाळणे सोपे, संथपणात तो लपविता येत नाही. पण हे आत्मनिवेदन कोणापुढे आहे? रनोंकूरपुढे नाही, मानोंपुढे आहे. कादंबरीत तो तिच्याविषयी बोलतो, येथे तो तिच्याशी बोलतो. एवढ्या एका बदलाने मानों श्रोत्याच्या जागी येते आणि श्रोत्याला जो अधिकार असतो तो तिला मिळतो : ऐकून घेण्याचा, आणि न ऐकण्याचाही.

दुसऱ्या प्रवेशात दे ग्रियू आपल्या खोलीत पित्याला पत्र लिहीत बसलेला असतो. मानों त्याच्या हातातली लेखणी काढून टाकते. येथून सुरू होणारे युग्मनृत्य बॅलेच्या इतिहासात प्रसिद्ध आहे आणि स्वतंत्र मैफलीतही ते नाचले जाते. लेखणी दूर होते हे मला सूचक वाटते. या कृतीत लेखणी चालविणाऱ्याची सत्ता संपलेली आहे. तो पत्र टपालात टाकावयास जातो न जातो तोच लेस्को मस्यू जी. एम.ला घेऊन येतो, आणि मग जे त्रिनृत्य घडते ते या बॅलेचे मर्मस्थान होय. भाऊ बहिणीचा देह उचलतो, वळवितो, तिचे पाऊल आणि पोटरी गिऱ्हाइकापुढे धरतो. गिऱ्हाईक ते पाऊल न्याहाळते. जिथे क्षणापूर्वी प्रियकराने तिला उचलले होते, तिथेच आता दलाल तिला उचलतो, आणि उचलण्याची रीत फारशी निराळी नाही. मानोंच्या अंगावर फरची झूल येते, गळ्यात रत्ने येतात. ती प्रतिकार करते काय? नाही. ती आनंदित होते काय? प्रत्येक नर्तकी याचे उत्तर वेगळे देते.

दुसऱ्या अंकातील मेजवानीत हेच सूत्र पराकोटीला जाते. मादामच्या कुंटणखान्यात मानों प्रथम एकटी नाचते. सर्वांच्या नजरा आपल्यावर आहेत याची तिला पूर्ण जाणीव आहे. नंतर तेथील गृहस्थ तिला उचलतात आणि ती एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती, डोक्यावरून, खांद्यावरून, आडवी, उभी, अशी फिरत राहते. बराच काळ तिचा पाय जमिनीला लागत नाही. अभिजात बॅलेच्या जाणकारास येथे पेतिपाच्या १८९० मधील ‘निद्रिस्त राजकन्ये’तील गुलाबांचे नृत्य आठवल्यावाचून राहणार नाही. त्यातही एक तरुणी आणि चार याचक आहेत, तिचाही हात एकाकडून दुसऱ्याकडे जातो. परंतु अरोरा प्रत्येक वेळी राजपुत्राचा हात सोडते आणि क्षणभर पायाच्या टोकावर एकटी उभी राहते. तिचा तोल तिचा स्वतःचा आहे, आणि राजघराण्याच्या दरबारी जगात तोच तिचा मान आहे. मानोंला तो क्षण दिलेला नाही. जी कला स्त्रीदेहाला पुरुषाच्या हातांवर तोलून त्याला अलौकिक बनविते, तिच्यातच खरेदीविक्रीची शक्यता पहिल्यापासून होती, हे मॅक्मिलनने परंपरेच्या पोटात शिरून उघड केले आहे. नवी शब्दकळा शोधून हे साधले नसते. प्रेमाचे आणि सौद्याचे व्याकरण एकच ठेवले, म्हणूनच ते साधले.

आता विरोधी पक्ष पाहू. १९७४ मधील एका प्रमुख इंग्रजी वृत्तपत्राच्या समीक्षेचा सूर असा होता की, नायिका चवचाल, नायक मूर्ख आणि त्यांची संगत हीन. तेव्हा यांच्यासाठी आपण अश्रू का ढाळावे? दोनशे चाळीस वर्षांपूर्वीची मोंतेस्क्यूची टीपच जणू पुन्हा लिहिली गेली. मात्र त्याने पुढे जोडलेला ‘तरी’ येथे गळाला. असे का व्हावे? माझ्या मते याचे कारण निवेदकाच्या अभावात आहे. कादंबरीत आपल्या वतीने क्षमा करण्याचे काम दे ग्रियू करीत असतो. बॅलेत ते काम प्रेक्षकाला स्वतः करावे लागते, आणि ते ज्याला जमत नाही तो नायिकेला दोष देतो. दुसरा आक्षेप अलीकडच्या काळातील आहे आणि तो अधिक गंभीर आहे : मानोंला येथे आरंभापासून अंतापर्यंत पुरुष हाताळतात, आणि प्रेक्षक तिकीट काढून त्या हाताळणीचे सौंदर्य अनुभवतात, मग मस्यू जी. एम. आणि प्रेक्षक यांत अंतर कोणते? हा आक्षेप पहिल्या दोन अंकांपुरता मला मान्य होत नाही. त्या त्रिनृत्यात आणि त्या मेजवानीत दृश्य सुंदर आहे आणि त्याच्या सौंदर्याने आपण अस्वस्थही होतो. आपण कोठे बसून पाहत आहोत याचे भान रचना आपणांस देते. कारण त्याच नजरेने पाहणारे पुरुष मंचावरही बसलेले आहेत.

५

तिसऱ्या अंकाविषयी मात्र असे म्हणता येत नाही. न्यू ऑर्लिन्सच्या बंदरात केस कापलेल्या, खंगलेल्या हद्दपार स्त्रिया उतरतात. दे ग्रियू मानोंचा पती म्हणवून सोबत आला आहे. तुरुंगाधिकारी मानोंवर डोळा ठेवतो, तिला आपल्या खोलीत आणवितो, तिच्यावर बळजबरी करतो आणि तिच्या मनगटात कंकण चढवितो. दे ग्रियू त्याचा खून करतो. कंकणाची पुनरुक्ती योग्य आहे, कारण दुसऱ्या अंकात याच अलंकारावरून दोघांत कलह झालेला आहे. परंतु त्या खोलीतील अत्याचार इतका उघड दाखविला आहे की, पहिल्या दोन अंकांतील संदिग्धता एकदम नष्ट होते. तेथे सौदा होता, आणि सौद्यात मानोंचा वाटा किती हे ठरविणे आपल्यावर सोपविलेले होते. येथे केवळ दुष्ट आणि बळी आहेत. ज्या प्रेक्षकाला मानोंविषयी निर्णय घेता येत नव्हता त्याची येथे सुटका होते, आणि ही सुटका कलादृष्ट्या स्वस्त आहे.

प्रेव्होने याच जागी काय केले होते? त्याच्या कादंबरीत अमेरिकेत आल्यावर दोघांचे जीवन सुधारते. मानों बदलते, गरिबीतही ती समाधानी असते. दे ग्रियूला वाटते की आता विधिपूर्वक विवाह करून पापातून मुक्त व्हावे. त्यासाठी तो राज्यपालापुढे आपण विवाहित नसल्याचे कबूल करतो, आणि त्या कबुलीनेच घात होतो; कारण राज्यपालाचा पुतण्या सिनले हा मानोंवर अनुरक्त आहे, आणि अविवाहित स्त्रीची व्यवस्था लावण्याचा अधिकार राज्यपालाचा. पुढे द्वंद्व होते, पलायन होते आणि मानों मरते. म्हणजे सारे आयुष्य खोटे बोलून जे तगले ते एका सत्याने बुडाले. हा दैवाचा उपरोध शोकात्मिकेच्या जातीचा आहे, आणि मॅक्मिलनच्या तुरुंगाधिकाऱ्यापाशी त्याची छायाही नाही. विवाहविधीची कायदेशीर बाजू नृत्याने कशी दाखवावी, ही अडचण खरी. पण अडचण टाळण्यासाठी खलनायक निर्माण करणे हा तिच्यावरचा सर्वांत जवळचा मार्ग होता, सर्वांत चांगला नव्हे.

दे ग्रियूचा धर्मनिष्ठ मित्र तिबेर्ज आणि सँ-स्युल्पीसमधील प्रसंगही वगळले गेले आहेत. मासनेच्या संगीतिकेत तो प्रसंग कळसस्थानी आहे. तो गेल्याने दे ग्रियूच्या जीवनातील ईश्वर गेला. विद्यार्थ्याच्या हातातील एक पुस्तक तेवढे उरले. ही हानी मोठी असली तरी सुसंगत आहे. ज्या कृतीचे केंद्र मानोंकडे सरकले, तीत दे ग्रियूच्या आत्म्याचा खटला चालविण्यास जागा उरत नाही. उलट लेस्कोला मिळालेली वाढ मला पूर्णतः लाभदायक वाटते. मेजवानीतील त्याचे मद्यधुंद नृत्य आणि प्रेयसीला सावरता सावरता तिलाच पाडणारे त्याचे युग्मनृत्य हे विनोदाचे अस्सल उदाहरण आहे. सांभाळून धरणे हेच ज्या कलेचे ब्रीद, तिच्यात सांभाळता न येणे हा विनोद. आणि तोच पुढच्या शोकाची पूर्वतयारी.

येथे एका तुलनेचा मोह आवरत नाही. धाकट्या द्यूमाच्या ‘ला दाम ओ कामेलिया’ (१८४८) या कादंबरीत आर्मांने मार्गरीतला ‘मानों लेस्को’ची प्रत भेट दिलेली असते. फ्रेडरिक अ‍ॅश्टनने १९६३ मध्ये त्या कथेवर ‘मार्गरीत अँड आर्मां’ हा एकांकी बॅले फाँटेन आणि नुरेयेव्ह यांच्यासाठी केला. पण माध्यमाच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे तो जॉन नॉयमायरचा १९७८ मधील श्टुटगार्टचा तीन अंकी बॅले. नॉयमायरने निवेदन टाकले नाही. मार्गरीतच्या मृत्यूनंतरच्या लिलावाने तो आरंभ करतो, आर्मां आठवू लागतो, आणि नाट्यगृहात नायक-नायिका मानोंवरचा बॅले पाहतात. पुढे मानों आणि दे ग्रियू मार्गरीतच्या मनात प्रेतछायांप्रमाणे वावरतात. म्हणजे नृत्याला प्रथमपुरुषी निवेदन अशक्य नाही. त्याची किंमत अशी की, प्रत्येक प्रसंग स्मृतीच्या पडद्यामागून दिसतो आणि मार्गरीत पुष्कळ वेळा आर्मांच्या आठवणीची आकृती होऊन राहते. मॅक्मिलनने ही किंमत नाकारली. त्यामुळे त्याची मानों कोणाच्याही स्मृतीत राहत नाही. ती आपल्या डोळ्यांदेखत वर्तमानात जगते, आणि आपण का जगतो हे सांगत नाही.

आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाकडे या वाटेने परत येता येते. प्रेव्होची मानों अज्ञेय आहे, कारण तिच्या वतीने दुसराच बोलतो. मॅक्मिलनची मानोंही अज्ञेय आहे, पण निराळ्या कारणाने : तिचे माध्यम हेतूविषयी मुके आहे. सिब्ली, तिच्यानंतर जेनिफर पेनी, पुढे सिल्व्ही गिलेम, तामारा रोहो यांनी त्याच पदन्यासांतून निरनिराळ्या मानों उभ्या केल्या. कोणी हिशेबी, कोणी भाबडी, कोणी आपल्याच देहाच्या सामर्थ्याने चकित झालेली. १९८२ मध्ये पेनी आणि डाउएल यांचा व २००८ मध्ये रोहो आणि कार्लोस अकोस्ता यांचा प्रयोग चित्रित झाला आहे. विद्यार्थ्यांनी मेजवानीचा प्रवेश या दोन्हींत लागोपाठ पाहावा. पावले तीच, आणि स्त्री वेगळी. निवेदक गेल्याने मानोंला वाणी मिळाली असे म्हणता येणार नाही. दुसऱ्याच्या वाणीतून तिची सुटका झाली, इतकेच.

६

अखेरचे दृश्य लुइझियानाच्या दलदलीचे आहे. प्रेव्होने तेथे वाळूचे ओसाड मैदान कल्पिले होते. मॅक्मिलनने धुके, लोंबत्या वेली आणि ओली जमीन घेतली. ज्वरग्रस्त मानोंच्या डोळ्यांपुढून तिच्या आयुष्यातील माणसे सरकत जातात. संगीत ‘ला व्हिएर्ज’मधील आहे. कुमारी मातेच्या स्वर्गारोहणासाठी लिहिलेले स्वर एका हद्दपार गणिकेच्या मरणाला द्यावे, यात औद्धत्य आहे असे कोणास वाटेल. पण रंगभूमीवर ते औद्धत्य जाणवत नाही, कारण देहांचे व्यवहार अत्यंत पार्थिव आहेत. या युग्मनृत्यात मानों दे ग्रियूच्या दिशेने धावत येऊन स्वतःस हवेत भिरकावून देते. हवेत ती स्वतःभोवती फिरते आणि तो तिला झेलतो. पुन्हा झेलतो. यापूर्वी तिला इतरांनी उचलले होते. येथे ती स्वतः जमीन सोडते. तिचा निर्णय म्हणून सांगता येईल असा साऱ्या बॅलेतील हा सर्वांत स्पष्ट क्षण, आणि त्या निर्णयासाठी लागणारे बळ तिच्या अंगात उरलेले नाही, हेही त्याच हालचालीतून दिसते. हात सैल, मान लोंबती, पाय ताणलेले नाहीत. अभिजात बॅलेने जे देहाला शिकविले ते एकेक करून निसटत जाते. झेलणाऱ्याच्या हातात अखेर नर्तकी राहत नाही, केवळ भार राहतो.

कादंबरीतील दे ग्रियू आपल्या हातांनी वाळू उकरून तिला पुरतो, थडग्यावर आडवा पडतो आणि तरीही जगतो. तिबेर्ज त्याला शोधीत समुद्रापार येतो; तो मायदेशी परततो; कॅलेच्या रस्त्यावर रनोंकूर त्याला ओळखतो, आणि मग तो बोलू लागतो. मॅक्मिलनच्या दे ग्रियूला थडगे खणावयाचे नाही, परतावयाचे नाही आणि त्याचे ऐकून घेणारा कोणी वाटेत भेटणार नाही. तो मानोंचे कलेवर हातांत धरून दलदलीत राहतो आणि पडदा पडतो.